डोंगर खाल्ला तरी पोट भरेना

चोर मी बरेच पाहिलेत. विहिरीवरची मोटर चोरणारे पाहिले, बैल चोरणारे पाहिले, चालत्या बसमधून कंडक्टरची शिट्टी चोरून पुढच्या स्टॉपवर तीच वाजवून उतरणारा नेरचा एक पठ्ठ्याही पाहिला. पण गाणं चोरून, ते जिचं तिच्याच दारात भोंग्यावर वाजवत नेणारा चोर आयुष्यात एकच पाहिला. आणि त्याला हार घालायला अर्धा तालुका रांगेत उभा होता.

गाणं माझ्या मोठीमायचं. मोठीमाय म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. वय विचारलं तर सांगते, "कापूस हातानं पिंजत तवाची हावो मी." आमच्या गावातलं एकही लग्न, बारसं, न्हाणं तिच्या आवाजाशिवाय पार पडलं नाही. आवाज असा की ती वावरात तण निंदताना गायला लागली की तीन कोसांवर केळापूरच्या रस्त्यानं जाणारे लोक गाडी थांबवून टायर तपासायचे. शिट्टी कुठून येते म्हणून. यात थोडं मीठमसाल्याचं धरा, पण फार नाही.

गावाला लागून डोंगर आहे. आहे म्हणजे होता. आता अर्धा आहे. गुरं चारायचा, टेंभरं खायचा, चोरून बिड्या ओढायचा आमचा डोंगर. तो एका माणसानं खदानीसाठी घेतला आणि पायथ्याशी गिट्टीचं क्रशर बसवलं. माणूस तालुक्याच्या गावचा. सगळे त्याला भाऊ म्हणतात. ज्याला सगळे भाऊ म्हणतात त्याच्यापासून आमच्याकडे जरा जपूनच राहतात.

क्रशर सुरू झालं आणि गावाचा रंग उडाला. कावळे पांढरे झाले. खरं सांगतो, आमच्या निंबावरचा एक कावळा इतका पांढरा झाला की बाकीच्यांनी त्याला जातीबाहेर काढला, शेवटी तो बगळ्यांत जाऊन राहिला. म्हशीच्या दुधाचं दही लावलं तर सकाळी गंज-पातेल्यातून ते घणानं फोडावं लागायचं. तुरीचा फुलोर फुफाट्यानं माखला, शेंग धरेना. सुरुंग उडाला की भिंतीवरची देवाची तसबीर वाकडी व्हायची, आणि एकदा तर मुठीएवढा गोटा छपराचं कवेलू फोडून मोठीमायच्या चुलीवरच्या वरणात पडला. ही शेवटची गोष्ट मी वाढवून सांगत नाही. तो गोटा तिनं धुऊन देव्हाऱ्यात ठेवला. म्हणाली, "राहू दे. ज्याचा हाये त्याले वापस करीन."

आणि मोठीमायला खोकला लागला. आधी सकाळचा, मग सकाळ-संध्याकाळचा.

आम्ही शिकलेल्या माणसांनी शिकलेल्या माणसांसारखं सगळं केलं. अर्ज केले, फोटो जोडले, साहेबांना भेटलो. शेवटी एक साहेब तपासणीला आले. त्या दिवशी पहाटेपासून भाऊंचे टँकर रस्त्यावर पाणी मारत होते आणि क्रशर मुक्यासारखं उभं होतं. साहेब मोठीमायच्या अंगणात बसले. तिनं चहा दिला. निंबावरून धुळीचा एक पापुद्रा सुटला आणि बरोबर साहेबांच्या कपात पडला. साहेबांनी करंगळी घालून तो काढला, झटकला, चहा पिऊन घेतला आणि शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "लिहा, धूळ आढळली नाही."

त्या क्षणी माझ्या डोक्यात जे काही फुटलं त्यापुढे सुरुंग म्हणजे लवंगी. मी उठलोच होतो. मोठीमायनं माझा शर्ट मागून धरला. "बस खाली. याले आयकू येत नाही, याच्या मालकाले आयकवू."

भाद्रपदाची पौर्णिमा झाली होती, भुलाबाई बसली होती. आमच्याकडे पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घराघरांत मातीची भुलाबाई आणि भुलोजी मांडतात, पोरी टाळ्या-टिपऱ्यांवर गाणी म्हणत दारोदार फिरतात. गाणी संपली की घरचा माणूस झाकलेला डबा घेऊन येतो आणि हलवतो. आत खिरापत. खारं का गोड, लाडू का फुटाणे, पोरींनी आवाजावरून ओळखायचं. नाही ओळखलं तर "हरलो" म्हणायचं, मग डबा उघडतो. आणि एक नियम सगळ्यांना ठाऊक आहे: दारात आलेली भुलाबाई कोणी परत पाठवत नाही. घरात भांडण असो, पाहुणे असोत, गाणी शेवटपर्यंत ऐकावीच लागतात.

मोठीमायनं त्या नियमातच पाचर ठोकली. रात्रीतून गाणं जुळवलं:

डोंगर फोडला गं बाई, डोंगर फोडला
फुफाटा आमच्या दारी सोडला
दार मी झाडू किती, बाई झाडू किती
वरणात गोटे अन् भाकरीत माती
कोण गं आला पाव्हणा, आला पाव्हणा
डोंगर खाल्ला तरी पोट भरेना!

चाल भुलाबाईचीच, साधी, झोक्यासारखी. पण शेवटच्या ओळीला ती असा हिसका द्यायची की ऐकणाऱ्याचा हात आपोआप टाळीला उठावा.

गावातल्या वीस-पंचवीस बाया, निम्म्या आज्या झालेल्या, टेम्पोत बसून भाऊंच्या बंगल्यावर निघाल्या. भुलाबाई आणि झाकलेला डबा मांडीवर घेऊन मोठीमाय पुढच्या सीटवर. टेम्पो माझ्या ओळखीचा म्हणून मी मागे लटकलो. फाटकावरच्या माणसानं अडवलं तर ती म्हणाली, "भुलाबाई हाये. थांबवतं का? थांबव. मंग तुह्या घरी काय व्हते थे पाह्यजो." तो बाजूला झाला.

भाऊंची बायको बाहेर आली, भुलाबाई पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला. बिचारीच्या माहेरीही भुलाबाई बसायची, तिनं हौसेनं सतरंजी टाकली. गाणी सुरू झाली. दोन नेहमीची झाली, तिसरी मोठीमायची. पहिल्या ओळीला वहिनी टाळ्या वाजवत होत्या. चौथ्या ओळीला टाळ्या मंदावल्या. सहाव्या ओळीला भाऊ स्वतः पडद्यामागून बाहेर आले.

मोठीमायनं डबा उचलला. खुळखुळ हलवला.

"भाऊ, आज रीत उलटी. खिरापत आम्ही आनली, ओयखाची तुमी. खारं का गोड?"

"काकू, हे काय नवीन?"

"नवीन काही नाही. क्रशर नवीन हाये. सांगा, खारं का गोड?"

वहिनी घाबरून म्हणाल्या, "फुटाणे असतील."

"नाही वं माय."

"शेंगदाण्याचे लाडू?"

"लाडूच म्हना, पन तुमच्या घरचे."

भाऊंनी डबा हातात घेऊन हलवला. पोट हलवत हसले. "हरलो काकू. उघडा."

तिनं उघडला. आत तिच्या घरातला झाडून काढलेला एका दिवसाचा फुफाटा, आणि त्यात बसलेला वरणातला गोटा.

"तुमची चीज हाये. खा."

मला वाटलं आता हा माणूस चिडेल, शिव्या देईल, निदान खाली पाहील. त्यानं यातलं काही केलं नाही. तो मनापासून हसला, डबा बायकोच्या हातात दिला आणि म्हणाला, "काकू, चाल मात्र लय गोड हाये बरं! डोक्यातच बसली." आणि दोन बोटांनी मांडीवर ताल धरून गुणगुणला. शब्द नाहीत, नुसती चाल.

ते गुणगुणणं मला आजही ऐकू येतं आणि आजही माझ्या दाढा एकमेकींवर घासल्या जातात. माणसाच्या तोंडावर थुंकावं आणि त्यानं ते अत्तर म्हणून कानामागे लावावं! अशा माणसाशी कोणत्या भाषेत भांडायचं?

पण गाणं निघालं होतं. त्याला पाय फुटले. शेजारच्या गावच्या खंजेरी मंडळानं ते भजनात घेतलं. त्यांचा खंजेरीवाला इतका जलद वाजवतो की त्याच्या आसपास डास जगत नाहीत. त्यानं "कोण गं आला पाव्हणा"च्या जागी "देवा, कोण हा पाव्हणा" घातलं आणि डोंगर खाणाऱ्याला थेट यमाच्या दारात नेऊन उभा केला. झरी जामणीकडच्या कोलाम पोडावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून, दंडार नाचणारे दंडारवाले आले. तिकडेही कोणी तरी डोंगर फोडतच होतं. त्यांनी ढोल असा लावला की गाणं झोक्यावरून उतरून पायांत शिरलं, आणि मधल्या ओळी त्यांनी कोलामीत म्हटल्या. त्यातला शब्दन् शब्द मला कळला नाही, पण शिवी कोणती ते बरोबर कळलं. तालुक्याच्या गावातला आमचा मोटरसायकल मेकॅनिक उर्सात कव्वाली गातो. त्यानं हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाला, "मोठीमाय, आखरी लाइन मुझे दे दो. आधा घंटा खेचता हूँ उसको." आणि खेचली. "डोंगर खाल्ला, अरे डोंगर खाल्ला, मियाँ डोंगर खाल्ला तरी..." म्हणत त्यानं "भरेना"वर असा आलाप लावला की शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या पूर्वेकडे वळल्या. त्या दिवशी वारा नव्हता.

दिवाळीनंतर साहेबांच्या ऑफिससमोर धरणं धरलं तेव्हा हे सगळे एकत्र बसले, आणि पहिला दिवस भांडणातच गेला. खंजेरीवाल्याला कव्वाली संथ वाटे, कव्वालाला दंडार घाईची वाटे, दंडारवाल्यांना सगळेच मढ्यासारखे बसून गातात याचा राग.

"उभं राहून म्हना ना बे! डोंगर काय बसून खाल्ला त्यानं?"

"उठून म्हटलं तं खंजेरी कोन धरन? तुहा बाप?"

मोठीमाय मध्ये पडली. "भांडा, भांडा. तो तिकडे डोंगर खाऊन राह्यला अन् तुमी इकडे ताल खाऊन राह्यले." मग ज्याला जसं म्हणायचं तसं म्हणा, शेवटची ओळ मात्र सगळ्यांनी एकत्र, तिच्याच चालीत, असं ठरलं. आणि ती ओळ जेव्हा एकत्र उठायची ना, तेव्हा ऑफिसच्या काचा नाही, आतल्या साहेबांचे दात वाजायचे. मी स्वतः ऐकलेत.

क्रशर बंद झालं. "पुढील तपासणीपर्यंत" असं म्हणाले, पण बंद झालं. कावळे काळे दिसू लागले. मोठीमायला रात्री झोप लागू लागली.

आणि इथे आमच्या गावानं आमच्यासारख्या गावालाच जमेल अशी माती खाल्ली. आनंद झाला की आमच्याकडे डीजे लागतो. पोरगं पास झालं, डीजे. देव बसला, डीजे. देव उठला, डीजे. मग क्रशर बंद पडलं तर गाण्याचाच डीजे का नको? नेरहून मिशाळ डीजेवाला बोलावला. त्यानं मोठीमायचं गाणं भरून घेतलं आणि त्याचं रिमिक्स केलं. मिरवणूक निघाली. ठोक्यानं कोंबड्यांनी दोन दिवस आधी अंडी दिली, म्हाताऱ्यांचे चष्मे नाकावरून उतरले, आणि अख्खं गाव, पंच, पोलीस पाटील, मी, सगळे नाचलो. मोठीमाय ओट्यावर कानाला पदर लावून बसली होती. गाणं संपल्यावर तिनं डीजेवाल्याला जवळ बोलावलं.

"काहून रे, माह्ये शब्द कुठी गेले?"

"मोठीमाय, शब्दाले बेस सोसत नाही. लोकायले ठोका पाह्यजे. चाल हाये ना तुमची, पुरी हाये."

"चाल हाये, पन शिवी काढून टाकली तुनं," ती म्हणाली. "दात काढलेला साप खेयाले बरा रायते."

आम्ही हसलो. नाचायला परत गेलो. ते रिमिक्स मोबाइलमोबाइलनं घाटंजीपर्यंत गेलं, वणीपर्यंत गेलं, लग्नांत वाजलं. गाणं गाजलं म्हणून आमच्या छात्या फुगल्या.

होळीच्या आधी क्रशर पुन्हा सुरू झालं. तपासणी झाली होती म्हणे. कधी, कोणी केली, कोणाच्या कपात काय पडलं, आम्हाला काही माहीत नाही. आता ते दुपारीही चालायचं, रात्रीही. मोठीमायचा खोकला असा परतला की जणू तो बाहेर ओट्यावरच बसून होता. यवतमाळच्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "आजी काय काम करत होत्या? गिट्टी फोडायच्या का?" मी म्हटलं, "नाही डॉक्टर, घरीच होत्या." हळूहळू तिचा आवाज गेला. गेला म्हणजे पार गेला. तीन कोसांवरची गाडी थांबवणारा आवाज आता समोरच्याच्या कानालाही पुरत नाही. बोलली तर कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीतून वारा गेल्यासारखं वाटतं.

आणि मग निवडणूक आली. भाऊ उभे राहिले.

प्रचाराची गाडी गावात शिरली तेव्हा मी मोठीमायच्या ओट्यावर बसलो होतो. लांबून चाल ऐकू आली आणि क्षणभर, हे लिहायलाही लाज वाटते, बरं वाटलं. आपलं गाणं! मग शब्द आले:

आला गं आपला पाव्हणा, लाडका पाव्हणा
भाऊंचा विकास काही थांबेना!

मोठीमायनं हातातलं सूप खाली ठेवलं. तिचे ओठ हलत होते. मी कान जवळ नेला.

"बाबू," ती म्हणाली, "आवाज नेला थो नेला. आता गानंही नेलं?"

मी गाडीवर दगड घेऊन धावलो असतो, आणि दगडांची काही कमी नव्हती, भाऊंच्या कृपेनं अंगणात ढीग होता. पण तिनं पुन्हा तोच शर्ट मागून धरला. आयुष्यभर माझे शर्ट तिनं मागूनच फाडले आहेत.

भाऊंची सभा आमच्याच गावात, ग्रामपंचायतीसमोर ठेवली होती. टेम्पो भरभरून माणसं आणली होती. मांडव, खुर्च्या, आणि भोंग्यांच्या भिंतीमागे तोच मिशाळ डीजेवाला. मोठीमाय म्हणाली, "मले पुढं ने." मी तिला धरून मांडवात आणलं. मागोमाग गावच्या बाया. त्यांच्यामागे, कोणी सांगितलं देव जाणे, खंजेरीवाला खंजेरी घेऊन आणि मेकॅनिक नुसते हात घेऊन. मोठीमाय थेट डीजेवाल्याच्या टेबलाशी गेली. तो उठून उभा राहिला. त्याला ऐकू येईना, म्हणून वाकला.

"तुनं केलं होतं ना बिनाशब्दाचं? थे वाजव."

"मोठीमाय, माह्या पोटावर पाय येईन."

"तुह्या पोटावर पाय येईन. माह्या छातीवर क्रशर बसलं हाये रे, लेका."

तो तिच्याकडे पाहत राहिला. तिच्या गळ्याकडे. हाच गळा त्यानं कधीतरी मशीनमध्ये भरून घेतला होता. मग मिशीवरून हात फिरवून तो माइकमध्ये म्हणाला, "भाऊ, जरा टेक्निकल प्रॉब्लेम हाये," आणि बटण दाबलं.

ठोका सुरू झाला. चाल सुरू झाली. शब्द नाहीत. मांडवभर नुसती मोकळी जागा, आणि त्या जागेत बाया उतरल्या.

डोंगर फोडला गं बाई, डोंगर फोडला...

भाऊ मंचावर हार घालून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं आपलंच गाणं. "दार मी झाडू किती"पर्यंतही वाजवत होते. "वरणात गोटे"ला त्यांचा हात हवेत थांबला. खंजेरी घुसली. मेकॅनिकनं डोळे मिटून "डोंगर खाल्ला, अरे मियाँ डोंगर खाल्ला" ओढायला घेतलं. आणि टेम्पोत भरून आणलेली परगावची माणसं! त्यांच्या गावांतही हे गाणं भजनात, दंडारीत, वरातीत जाऊन आलं होतं. त्यांना खरे शब्द तोंडपाठ होते. शेवटची ओळ आली आणि भाऊंच्या पाण्याच्या बाटल्या पिऊन बसलेला अख्खा मांडव म्हणाला:

डोंगर खाल्ला तरी पोट भरेना!

भाऊ ओरडले, "बंद करा! बंद करा!" पण माइक डीजेवाल्याकडे होता आणि त्याचा टेक्निकल प्रॉब्लेम काही केल्या दुरुस्त होत नव्हता. मंचावरचे दोन कार्यकर्ते सवयीनं ताल धरून मान हलवत होते. एकाला दुसऱ्यानं कोपरानं ढोसलं. मोठीमाय पुढच्या खुर्चीत बसून नुसत्या टाळ्या वाजवत होती. हिसका बरोबर जागेवर देत होती.

आता तुम्ही विचाराल, मग तो पडला असेल. नाही पडला. आला निवडून. आमच्या मांडवापलीकडे बराच मोठा प्रदेश आहे आणि तिथे गाण्याशिवाय दुसऱ्या वस्तूही पोहोचतात. क्रशर आजही चालू आहे. हे लिहिताना कागद दोनदा झटकला मी. कोणाला वाटत असेल की गाण्यानं डोंगर वाचतो, तर त्यानं येऊन आमचा डोंगर पाहावा, उरलेला. मला त्या माणसाचा राग आहे, साहेबांच्या करंगळीचा राग आहे, आणि "गाणं मात्र छान आहे हो" म्हणणाऱ्या प्रत्येकाचा तर जास्तच. छान नाही ते. शिवी आहे. शिवी म्हणूनच ऐका.

एक मात्र झालं. भाऊंच्या गाडीनं ती चाल सोडली. आमच्या हद्दीत शिरताना आता भोंगे बंद असतात.

परवा पुनव झाली, भुलाबाई बसली. या वेळी बायांनी ठरवलं आहे की भाऊंकडे नाही, ज्यांना धूळ आढळली नाही त्या साहेबांच्या क्वार्टरवर जायचं. सुना म्हणाल्या, "मोठीमाय, तुमी घरीच राहा. तुमच्याच्यानं गानं नाही होत, दम लागते." ती उठली, ओटा झाडला, देवघर झाडलं, चुलीमागचं झाडलं, सगळं सुपात गोळा करून डब्यात ओतलं. पहिला गोटा भाऊंच्या घरी राहिला. दुसऱ्यासाठी तिला फार शोधावं लागलं नाही. झाकण लावून ती माझ्याजवळ आली, डबा माझ्या कानाशी धरला आणि हलवला. तिच्या घशातून येतो त्यापेक्षा तो आवाज मोठा होता.

"खारं का गोड?" तिनं विचारलं.

मी ओळखलं. या गावात सगळेच ओळखतात. ज्याला ओळखता येत नाही त्याच्या दारी तो न्यायचा आहे, आणि दारात आलेली भुलाबाई त्यालाही परत पाठवता येत नाही.

टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं आहे, पुढची सीट तिची.